पिशवीतलं पाणी गढूळ झालं तर

डायलिसिस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोलापूरचं रुग्णालय येतं, हातात टोचलेल्या सुया येतात आणि आठवड्यातून दोन-तीनदा एसटीचा हेलपाटा येतो. करमाळा, अक्कलकोट, सांगोल्याच्या आतल्या गावांतून हे करायचं म्हणजे पेशंटचा रोजगार बुडतो आणि सोबत जाणाऱ्या बाईचाही. म्हणून काही जणांना डॉक्टर दुसरा मार्ग सांगतात, घरीच पोटातून डायलिसिस करण्याचा. आपल्या देशात तो १९९१ पासून आहे. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने घरच्या या डायलिसिससाठीही सूचना काढल्या. त्यामुळे उद्या आपल्या गटातल्या एखादीच्या घरात हे आलं तर नवल नाही.

पोटाच्या आत आतड्यांना वेढून एक पातळ अस्तर असतं. ते आपल्या चहाच्या गाळणीसारखं काम करू शकतं. बेंबीच्या बाजूला छोटं ऑपरेशन करून मऊ नळी बसवतात. तिच्यातून साधारण २ लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, चार-सहा तास ठेवायचं, मग रिकाम्या पिशवीत काढून टाकायचं. रक्तातली घाण त्या पाण्याबरोबर येते. असं दिवसातून तीन-चार वेळा. वीज नको, मशीन नको. मात्र नळी म्हणजे थेट पोटात उघडणारं दार आहे, आणि ते दार दिवसातून तीन-चार वेळा उघडतं.

त्या दारातून जिवाणू आत गेले की अस्तराला संसर्ग होतो. बहुतेक वेळा हे जिवाणू आपल्याच हाताच्या कातडीवरचे असतात. काही वेळा आतड्यातले असतात. बद्धकोष्ठ असलेल्या माणसात ते अस्तरापर्यंत झिरपतात, म्हणून पोट साफ राहणं इथे फार महत्त्वाचं. हे नेहमीचे जिवाणू डॉक्टरांच्या ओळखीचे. त्यांच्यावरची औषधं ते लगेच सुरू करतात आणि बहुतेक पेशंट बरे होतात.

आज आम्हाला बोलायचं आहे ते अनोळखी पाहुण्यांबद्दल. ते क्वचित येतात, पण आपल्या घरांमध्ये त्यांना यायला वाटा पुष्कळ आहेत.

मांजराचंच घ्या. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जिवाणू राहतो. मांजराला तो काही करत नाही. पण लोंबणारी नळी मांजराला खेळण्यासारखी वाटते. ते दात लावतं, सुईच्या टोकाएवढं भोक पडतं, कुणाला दिसतही नाही, आणि दोन दिवसांत पोट दुखायला लागतं. जगभरातल्या डॉक्टरांनी अशा कितीतरी केसेस लिहून ठेवल्या आहेत.

दुसरा ब्रुसेला. आपल्याकडे शेळी गाभडते, म्हैस गाभडते, आणि वार उचलायला पुढे होते ती घरातली बाईच. त्या वारेत, आणि आजारी जनावराच्या कच्च्या दुधात हा जिवाणू असू शकतो. तो रक्तावाटे पोटाच्या अस्तरापर्यंत पोहोचल्याच्या नोंदी आहेत. ज्याला नळी आहे त्याने कच्चं दूध घेऊ नये, आणि गाभडलेल्या जनावराला हात लावू नये. हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी, हातमोजे घालून करावं.

मातीतलेही काही आहेत. तूर-हरभऱ्याच्या बियाण्याला आपण रायझोबियम चोळतो ना, त्याच कुळातला एक जिवाणू शेतातल्या मातीत असतो. तोही नळी असलेल्या माणसांच्या पोटात सापडला आहे. शेतात जायला बंदी नाही. पण आल्यावर अंघोळ करून, धुतलेले कपडे घालूनच पिशवी बदलायची.

पाण्यातले जिवाणू तर चिवट. स्यूडोमोनास ओलीवर वाढतो. बॅरलमध्ये आठ दिवस साठवलेलं पाणी, ओला राहिलेला नॅपकिन, नळीभोवतीची ओली कातडी, त्याला सगळं चालतं. म्हणून नळी असताना विहिरीत, कॅनॉलमध्ये उतरायचं नाही. आषाढीला चंद्रभागेत बुडी मारायची नाही. पाणी डोळ्यांना लावावं, विठोबा समजून घेतो. साबणाने हात धुतल्यावर ते पदराला पुसायची आपली सवय इथे घातक आहे, कारण पदरावर सकाळपासूनचं शेण, पीठ, लेकराचं नाक असं सगळं असतं. कोरड्या स्वच्छ कापडाने पुसायचं. तोंडाला मास्क लावायचा, कारण तोंडातलेही जिवाणू उडतात. आणि नळीच्या जागी हळद किंवा राख नको, रुग्णालयाने दिलेलंच मलम लावायचं.

आता मुख्य गोष्ट. बाहेर आलेल्या पाण्याची पिशवी रोज छापील कागदावर ठेवून बघायची. पाण्यातून अक्षरं स्वच्छ दिसली पाहिजेत. पाणी गढूळ, ताकाच्या निवळीसारखं दिसलं, तर पोट दुखो न दुखो, ताप असो नसो, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ती गढूळ पिशवी ओतून टाकायची नाही, बंद करून सोबत न्यायची. गावातल्या मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन “बघू दोन दिवस” असंही करायचं नाही. पाण्याचा नमुना घेण्याआधी औषध पोटात गेलं तर तपासणीत जिवाणू उगवतच नाही, आणि डॉक्टरांना अंधारात चाचपडावं लागतं. उशीर झाला तर नळी काढावी लागते, अस्तर कायमचं खराब होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो.

नमुना घेतला की डॉक्टर नेहमीच्या जिवाणूंवरचं औषध सुरू करतात. पाच दिवसांत पाणी निवळलं नाही, तर काहीतरी वेगळं आहे असं समजतात. इथे आपलं सांगणं कामाला येतं. ब्रुसेला सावकाश उगवतो. शिवाय प्रयोगशाळेतल्या माणसांनाही तो लागू शकतो, म्हणून संशय असेल तर त्यांना आधी कळलेलं बरं. क्षयाचा जिवाणू नेहमीच्या तपासणीत दिसतच नाही, त्याची वेगळी तपासणी सांगावी लागते. डॉक्टर घाईत असतील, विचारणार नाहीत. आपणच सांगायचं: घरात मांजर आहे, गेल्या महिन्यात शेळी गाभडली, पाणी टँकरचं आहे, सासऱ्यांना टीबी झाला होता. यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या मते ही चार वाक्यं फाइलच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवावीत, कारण पेशंटबरोबर दर वेळी तेच माणूस जाईल असं नसतं.

एक गोष्ट खास बायकांसाठी. नळी असताना तांबी बसवायची किंवा काढायची असेल, गर्भपिशवीची सफाई किंवा तपासणी असेल, तर त्या डॉक्टरांना नळीबद्दल आधी सांगा. त्या वाटेनेही जिवाणू अस्तरापर्यंत जातात. बहुधा पोटातलं पाणी आधी काढून ठेवायला सांगतात आणि अँटिबायोटिकचा एक डोस देतात. दात काढतानाही आधी विचारा. कॅम्पमध्ये नंबर लागला म्हणून गडबडीत तशाच टेबलावर चढू नका. डायलिसिसच्या नर्सताईंना आधी एक फोन करा.