थेंबे थेंबे कॉफी साचे

दसरा-दिवाळीच्या सुमाराला इलेक्ट्रिक वस्तूंच्या दुकानात गेलं, की मिक्सर आणि इंडक्शन शेगडीच्या शेजारी हल्ली एक काळंभोर यंत्र दिसतं. एका बाजूला पाण्याची टाकी, वर गाळणी, खाली काचेचं भांडं. हा ड्रिप कॉफी मेकर. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला लागला, की पहिल्या-दुसऱ्या पगारात आईसाठी म्हणून हौसेने घेऊन येतो. आई चार दिवस कौतुकाने वापरते आणि मग ते खोक्यासकट माळ्यावर जातं. आमच्या बचत गटाच्या बैठकीत सहज विषय निघाला, तेव्हा बाराजणींपैकी तिघींच्या माळ्यावर असं यंत्र निघालं. कारण विचारलं तर तिघींचं उत्तर एकच, "कॉफी पांचट होते गं!"

आता हजारो रुपयांची वस्तू धूळ खात पडणं आपल्यासारख्या घरात परवडणारं नाही. म्हणून मैत्रिणींनो, कॉफी पांचट का होते तेवढं आधी समजून घेऊ. ते कळलं, की यंत्र घ्यावं की नाही आणि घेतलं तर कोणतं, याचं उत्तर बरंचसं तिथेच मिळतं.

आपल्याकडे कॉफी म्हणजे मुख्यतः दूध. दूध उकळायचं, साखर घालायची, चमचाभर इन्स्टंट पावडर टाकायची, पाहुणे आले असतील तर वर जायफळ किसायचं. ड्रिपचं यंत्र मात्र जन्मलं ते बिनदुधाची किंवा नावापुरतं दूध घातलेली कॉफी पिणाऱ्यांच्या देशात. त्यातून उतरणारी कॉफी मुळातच पातळ असते. तिच्यात आपण अर्धा कप दूध ओतलं, की उरतं ते रंगीत दूध! त्यात कुणी गाळणीत इन्स्टंट पावडर घातली असेल तर विचारूच नका. इन्स्टंट म्हणजे आधीच काढून वाळवलेली कॉफी; ती पाण्यात नुसती विरघळते. गाळणीत लागते ती भाजलेल्या बियांची दळलेली पूड.

या गाळणीमागे एका गृहिणीचीच अक्कल आहे, हे मला फार आवडतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंत्स यांना कॉफीत येणारा चोथा आणि कडवटपणा नकोसा झाला होता. कापडाच्या गाळण्या धुता धुता जीव जायचा. त्यांनी पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यावर घातला आणि वरून गरम पाणी ओतलं. १९०८ साली त्यांना या गाळणीचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी त्यांनी एका मार्कहूनही कमी भांडवलावर कंपनी नोंदवली आणि नवऱ्याला नि मुलांना कामाला लावलं. पुढच्याच वर्षी लाइपझिगच्या जत्रेत बाराशे गाळण्या विकल्या गेल्या. विजेवर चालणारं ड्रिपचं यंत्र बऱ्याच नंतर, १९५४ साली, जर्मनीतच आलं. त्याचं नाव विगोमॅट.

आत काही मोठं गूढ नाही. टाकीतलं गार पाणी खालच्या नळीत उतरतं. तिथे ते तापून उकळायला लागतं आणि वाफेचे बुडबुडे पाण्याला ढकलत वर नेतात. आपण ऐकतो तो गुडगुड आवाज त्याचाच. वर गेलेलं पाणी पुडीवर पडतं आणि थेंबाथेंबाने खाली झिरपतं. सगळी मेख आहे ती पुडीवर पडणाऱ्या पाण्याच्या उष्णतेत. ते साधारण ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असायला हवं. त्याहून बरंच कोमट पडलं, तर पुडीतला अर्क पुरता उतरत नाही आणि कॉफी आंबूस, पाणचट लागते. स्वस्त यंत्रात पाणी नेमकं इथेच कमी पडतं आणि तेही मधल्या एकाच जागी पडतं. कडेची पूड कोरडीच राहते.

म्हणून दुकानात बटणं, दिवे, घड्याळ बघत बसू नका. खोक्यावरचे वॅट बघा. हजार वॅटला एक लिटर पाणी तेवढं तापवायला पाचेक मिनिटं लागतात. म्हणजे लिटरभराच्या यंत्राला हजार वॅट तरी हवेत, जास्त असले तर उत्तमच. सहाशे मिलिलिटरच्या छोट्या यंत्राला सहाशे वॅट पुरतात. लिटरभराची टाकी आणि सहाशे-सातशे वॅट असं लग्न जुळवलेलं दिसलं, तर पुढे चला. दुकानदार ओळखीचा असेल तर पूड न घालता नुसतं पाणी भरून चालवून दाखवायला सांगा. भरलेली टाकी सात-आठ मिनिटांच्या आत रिकामी व्हावी. झाकण उघडून पाणी कसं पडतं तेही बघा, झारीसारखं पसरून पडलं पाहिजे.

कपांच्या आकड्यावर तर अजिबात भुलू नका. यंत्राचा 'कप' सव्वाशे ते दीडशे मिलिलिटरचा असतो. 'दहा कप' लिहिलेल्या यंत्रातून आपले मोठे मग भरले तर सहा-सातच निघतात. घरात पिणारी दोघंच असतील तर मोठं यंत्र घेऊ नये. मोठ्या गाळणीत चिमूटभर पूड घातली, की पाणी भसकन निघून जातं.

आपल्या गावांचा विचार करून आणखी दोन गोष्टी. चौदाशे-पंधराशे वॅटचं यंत्र असेल तर त्याला गीझरला असतो तसा मोठा, १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, आणि घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर असलं यंत्र चालवायचं नाही. सकाळी वीज जाणाऱ्या गावात हे आधी लक्षात घ्या. दुसरं म्हणजे काचेचं भांडं. ते कधी ना कधी फुटणारच. सुटं मिळतं का आणि केवढ्याला, हे यंत्र घेण्याआधी विचारा. "मागवून देऊ" या उत्तराचा अर्थ आपल्याला ठाऊक आहेच! कागदी गाळण्याही तालुक्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाहीत, ऑनलाइन मागवाव्या लागतात. धुऊन पुन्हा वापरायची जाळी बऱ्याच यंत्रांबरोबर येते, तिने काम भागतं. मात्र कोलेस्टेरॉल वाढवणारा कॉफीतला तेलकट अंश कागदात अडकतो, जाळीतून तो खाली उतरतो. घरात कुणाला तो त्रास असेल तर कागदच बरा.

किमती म्हणाल, तर साधी यंत्रं दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतात. नेदरलँड्सचं मोकामास्टर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून लोकप्रिय आहे, त्याच्या पंगतीतल्या यंत्रांना पंचवीस-तीस हजार आणि वरही मोजावे लागतात. ते हौसेचं काम. पण अगदी तळाचं घेण्यापेक्षा मधलं, पुरेशा वॅटचं घ्यावं.

आणि आता स्पष्टच सांगते. तुमच्या घरी सगळे दुधाळ, गोड कॉफी पिणारे असतील तर हे यंत्र घेऊच नका. दाक्षिणात्य घरांत असतो तो दोन मजली स्टीलचा फिल्टर घ्या. काही शे रुपयांत येतो, वीज लागत नाही, जन्मभर टिकतो. त्यातही कॉफी थेंबाथेंबानेच उतरते, पण घट्ट डिकॉक्शन मिळतं आणि ते दुधात टिकाव धरतं. रात्री भरून ठेवलं की सकाळी तयार.

मग यंत्र कुणाकडे असावं? माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पावणेसातची एसटी गाठायची. त्याआधी सासऱ्यांचा चहा, नवऱ्याची काळी कॉफी, मग मुलगा अभ्यासाला उठला की त्याची वेगळी. सगळं तिनेच करायचं, कारण "आम्हाला जमत नाही". यंत्र आलं तेव्हा तिने अट घातली, की पाणी, पूड आणि धुणं तिघांनी वाटून घ्यायचं. पाणी रेषेपर्यंत भरा, पूड मोजून घाला, बटण दाबा. यात न जमण्यासारखं काय आहे? दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभं राहावं लागत नाही. आता नवरा उठून कॉफी लावतो आणि तिला सकाळचा अर्धा तास सुटा मिळतो. त्यात ती बीएडच्या वेळी सुटलेलं वाचन करते. तिच्या घरी ते यंत्र माळ्यावर जाणार नाही. जिथे आईसाठी म्हणून आणायचं आणि कॉफीही आईनेच हातात आणून द्यायची, जारही तिनेच घासायचा, तिथे तिला एक भांडं वाढवून दिलं इतकंच.

माळ्यावरचं यंत्र खाली काढणार असाल, तर आता वापराचं. पूड घेताना 'ड्रिपसाठी, मध्यम दळलेली' असं सांगा. ती उपम्याच्या रव्याइतकी असावी. स्टीलच्या फिल्टरची पूड जास्त बारीक असते आणि त्यात चिकोरी असली तर ती फुगून गाळणी तुंबते, पाणी वरून वाहून ओट्यावर येतं. चिकमंगळूर, कोडगूकडची नुसत्या कॉफीची पूड आता ऑनलाइन सहज मिळते. एका वेळी पाव किलोच्या वर घेऊ नका, महिनाभरात वास उडतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्यापासून लांब ठेवा.

प्रमाण लिटरभर पाण्याला साठ ग्रॅम. काट्यावर एकदा मोजून आपल्या चमच्याचं माप ठरवून टाका, रोज तोलायची गरज नाही. दूध घालायचं असेल तर पूड नव्हे, पाणी बदला: तीस ग्रॅमला तीनशे मिलिलिटर, आणि दूध वेगळं, कडकडीत. जायफळ दुधात. टाकीत चुकूनही दूध ओतू नये, नळी कायमची बिघडते.

अनुभवाची एक युक्ती सांगते. सगळी पूड ओली झाली, की अर्धा मिनिट यंत्र बंद करायचं आणि मग पुन्हा चालू. पूड फुलते, अर्क चांगला उतरतो. कॉफी उतरल्यावर जार जरा ढवळायचा, कारण आधी उतरलेली घट्ट तळाशी असते आणि नंतरची पातळ वर. खालच्या गरम तबकडीवर वीसेक मिनिटांच्या वर ठेवू नये, कॉफी करपट होते. कुणी उशिरा उठणारं असेल तर त्याचा वाटा थर्मासमध्ये.

बोअरच्या पाण्याने नळीत क्षार धरतो, यंत्र हळू चालू लागतं आणि पाणीही पुरेसं तापत नाही. महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून अर्धं पाणी उतरवा, पंधरा मिनिटं बंद ठेवा, मग उरलेलं उतरवा. नंतर दोनदा नुसतं पाणी. गाळणी आणि जार रोज साबणाने धुवायचे, तेलकट वास राहतो. उरलेला चोथा कंपोस्टच्या डब्यात जातो.