घसा धरणारं फळ आणि तांब्याची भट्टी

काजूच्या हंगामात सिंधुदुर्ग जिल्ह्यात बी वेचली जाते आणि बोंडं बहुतेक झाडाखालीच कुजतात. तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात गेलं की त्याच बोंडांची फेणी होते. घसा धरणाऱ्या या हलक्या फळातून उंची मद्य कसं निघणार, ही शंका जुनीच. ऊर्ध्वपातनाचं शास्त्र मात्र नेमकं उलट सांगतं, आणि त्याची साक्ष खुद्द कोन्याक देते. फ्रान्समधल्या या ब्रँडीसाठी उन्यी ब्लां द्राक्षाची जी वाइन करतात ती पातळ, आंबट, जेमतेम ९ टक्के अल्कोहोलची. तशीच प्यायला कुणी मागणार नाही. पण टार्टारिक आणि मॅलिक आम्लं वाफेबरोबर वर चढत नाहीत. वर जातात अल्कोहोल आणि किण्वनात तयार झालेली सुगंधी एस्टरं. बोंडाचा घसा धरणारा गुण टॅनिनांचा, आणि तीही भांड्यातच राहतात. ज्या दोषापायी बोंड फेकलं जातं, तो दोष भट्टीबाहेर पडतच नाही!

फेणीचा वास उग्र आणि कोन्याक मऊ, मग बरोबरी कसली, असं कुणी म्हणेल. फरक खरा आहे. त्याचं कारण फळात कमी आणि पिंपात जास्त आहे. दोनदा ऊर्ध्वपातन करून सुमारे ७० टक्क्यांवर आणलेलं कोन्याक किमान २ वर्षं ओकच्या पिंपात मुरतं. त्यातला व्हॅनिलाचा गंध लाकडातल्या लिग्निनमधून येतो, द्राक्षातून नव्हे. फेणीच्या पारंपरिक पद्धतीत पिंप नाही. पहिल्या धारेचा सौम्य हुर्राक लिंबू-सोडा, मीठ आणि चिरलेली मिरची घालून उन्हाळ्यातच संपतो. पुढच्या ऊर्ध्वपातनाची फेणी फळाचा गंध थेट नाकापर्यंत आणते. म्हणून व्हीएसओपीसाठी ४ वर्षं आणि एक्सओसाठी १० वर्षं ही कोन्याकच्या वयाची मोजपट्टी तिला लावणं अशास्त्रीय आहे.

खरी अडचण वेळेची. आंबटपणामुळे कोन्याकची वाइन हिवाळाभर टिकते, ऊर्ध्वपातनाला ३१ मार्चपर्यंत मुभा असते. पिकलेलं बोंड दिवसभरात नासू लागतं. भट्टी बागेजवळच हवी. दारूला उत्तेजन कशाला, हा आक्षेप गंभीर आहे, कारण इथेनॉल दोन्हींत एकच आणि यकृताला अपाय तोच. पण म्हणून बोंडाला कमअस्सल ठरवता येत नाही. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती बीच्या उत्पादनासाठी विकसित केल्या. त्याच जातींच्या रसाचा गंध आणि किण्वन तितक्याच काटेकोरपणे तपासायला हवं.