व्होल्टेज पडलं की रॉड गार, मोटर गरम

व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध (ओहम), गुणलं की शक्ती (वॅट). पाणी तापवायच्या रॉडला २३० व्होल्टवर ५ अँपिअर लागत असतील, तर रोध ४६ ओहम, शक्ती ११५० वॅट. व्होल्टेज १८४ वर आलं की प्रवाह ४ अँपिअर, शक्ती फक्त ७३६ वॅट. व्होल्टेज पाचव्या हिश्शाने घटलं, ऊब तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेली!

शिवारातली थ्री-फेज मोटर मात्र उलट्या स्वभावाची. तिथे गुणाकारात १.७३ आणि पॉवर फॅक्टरही येतो. भार तोच असेल तर व्होल्टेज पडताच ती जास्त अँपिअर ओढते, वाइंडिंग तापून जळतं. स्टार्टर दाबण्याआधी व्होल्टमीटरचा काटा बघाच.