न्यू जर्सीची रब्बी

एडिसन (न्यू जर्सी), ऑक्टोबर

अनंत चतुर्दशी झाली आणि त्याच आठवड्यात मी घरापुढच्या जागेत पेरणी केली. पेरले ते गवत. आपल्याकडच्या शेतकऱ्याचा निम्मा जन्म गवत उपटण्यात जातो. इथे मात्र ऑगस्ट सरत आला की दुकानांच्या दारात गवताच्या बियाण्याच्या पिशव्यांची थप्पी लागते आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीत जागोजागी माणसे दंताळी घेऊन उभी दिसतात.

बर्फ वितळले की पेरावे, असे मला वाटायचे. म्हणून गेल्या वर्षी एप्रिलमध्येच बी टाकले. उगवण उत्तम झाली. पण मुळे खोल जाण्याआधीच जून तापला आणि मोकळ्या जागी क्रॅबग्रास हे उन्हाळी तण माजले. जुलैअखेर माझे गवत करपले होते आणि तणाची गादी पसरली होती. शेजारचे निवृत्त गृहस्थ हद्दीवर येऊन एवढेच म्हणाले, "सप्टेंबरपर्यंत थांबायला हवे होते."

त्यांनी कारण सांगितले आणि मला घरचेच कोणी बोलत असल्यासारखे वाटले. इथल्या हिरवळीची गवते, म्हणजे केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू आणि रायग्रास, आपल्या गव्हा-हरभऱ्यासारखी थंडी मागणारी. सप्टेंबरात मातीत उन्हाळ्याची ऊब उरलेली असते, म्हणून बी लवकर रुजते. वरची हवा निवलेली असते, म्हणून कोंब करपत नाही. क्रॅबग्रास तर दव गोठू लागले की मरतेच. मुळांना जमीन धरायला हिवाळ्याआधीचे काही आठवडे मिळतात आणि पुढचा सबंध वसंतही मिळतो. ही सरळसरळ रब्बीची पेरणी आहे.

या वेळी मी आधी माती तपासून घेतली. रटगर्स या इथल्या राज्य विद्यापीठाची त्यासाठी प्रयोगशाळा आहे. माती आम्ल निघाली, तेव्हा चुना टाकला. २०११च्या कायद्याने न्यू जर्सीत हिरवळीला फॉस्फरसचे खत सहसा घालता येत नाही, कारण ते वाहून तळ्या-खाड्यांत जाते. नव्या पेरणीला मात्र सूट आहे. याच विद्यापीठातल्या रीड फंक यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये वर्षानुवर्षे तगून राहिलेली रायग्रासची रोपे निवडली आणि त्यांतून १९६७ साली 'मॅनहॅटन' हे वाण दिले. आजच्या चांगल्या रायग्रासची वाट तिथून सुरू झाली.

वाफसा पाहून बी फोकले, दंताळ्याने मातीत जेमतेम झाकले आणि वर गव्हाचे काड विरळ पसरले. मग दिवसातून दोनदा हलके पाणी. वरची अर्धा इंच माती सुकू द्यायची नाही. सहाव्या सकाळी उकिडवे बसून पाहिले, तर काडातून रायग्रासची सुईसारखी पाती वर आली होती. प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा एकेक थेंब होता आणि मातीलगतचे देठ लालसर होते. फेस्क्यू दहाव्या दिवशी आले. ब्लूग्रासने तीन आठवडे वाट पाहायला लावली. मेपलची पाने पडू लागली आहेत. ती साचली तर खालचा कोवळा कोंब गुदमरतो, म्हणून रोज संध्याकाळी हाताने वेचतो.

हिरवळीची एवढी निगा का? इथे घरापुढे बहुधा कुंपण नसते. एका घराची हिरवळ दुसऱ्याच्या हिरवळीत मिसळते. लाँग आयलंडवर १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउन वसाहतीत कुंपणाला मनाई होती आणि गवत नियमित कापण्याची अट होती. तीच रीत उपनगरांत रुजली. आपली हिरवळ राखणे हे इथे शेजारधर्मात मोडते आणि मला ते मनापासून आवडते.

पण त्याची किंमतही मोठी आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, उपग्रहचित्रांवर आधारलेल्या अभ्यासात अमेरिकेतली हिरवळ सुमारे १,६३,००० चौरस किलोमीटर भरली. म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून जास्त! लास व्हेगासच्या वाळवंटात नदीचे पाणी आणून हीच गवते जगवणे चूक होते. नेवाडा राज्याने २०२१ साली तिथल्या निव्वळ शोभेच्या हिरवळीवर बंदीचा कायदा केला, तो योग्यच झाला. न्यू जर्सीत वर्षभर पाऊस असतो. इथे शरदात पेरलेले गवत एकदा मुरले की फार पाणी मागत नाही.

आपल्या दूर्वांचे इथे उलटे आहे. त्यांना बर्मुडा ग्रास म्हणतात. दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांची मानाने लागवड होते. आमच्याकडे त्या हिवाळ्यात वाळून तपकिरी पडतात आणि तणात गणल्या जातात. गणपतीपुरत्या त्या मी कुंडीत जपतो आणि थंडी पडली की कुंडी घरात घेतो.

या भागात नवे घर घेतलेल्या मराठी मंडळींना एक विनंती. वसंतात दुकाने बियाण्याने भरलेली दिसतील, तरी थांबा. उन्हाळ्यात माती तपासून घ्या आणि गणपतींचे विसर्जन झाले की पेरा.