गिऱ्हाईक ताटातून बोलतं

गटाने खानावळ काढायची म्हटलं की आपण जागा, भांडी, गॅस, कर्जाचा हप्ता असा सगळा हिशोब मांडतो. एक हिशोब मात्र राहून जातो. जेवून उठलेल्या गिऱ्हाइकाला आपला रस्सा कसा लागला, हे कोण विचारणार आणि ऐकून काय करणार? आज त्याबद्दल बोलू.

"जेवण कसं झालं?" असं विचारलं की बहुतेक जण "छान" म्हणतात. अन्नाला नावं ठेवू नयेत, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ज्याला आवडलं नाही तोही "छान" म्हणतो, पैसे देतो आणि पुन्हा फिरकत नाही. आपला हप्ता तर परत परत येणाऱ्या गिऱ्हाइकावरच फिटतो.

म्हणून आधी ताट बघा. भाकरी संपली आणि वाटीत रस्सा तसाच राहिला, तर तो तिखट किंवा खारट झाला असेल. नुसता तेलाचा तवंग उरला, तर तेल जास्त झालं. भाकरीच्या कडा उरल्या, तर ती जाड किंवा कच्ची राहिली. एका ताटावरून काही ठरवू नका, पण चार ताटांत तेच दिसलं तर समजा. मग नेमकं विचारा: "तिखट जास्त झालं का? भाकरी गरम होती का?" नेमक्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं.

सगळ्यांचं मत एक नसतं. जालन्याच्या मोंढ्यात पोती उचलून आलेल्या हमालाला झणझणीत रस्सा आणि पोटभर भाकरी हवी. समृद्धी महामार्गावरून लेकरं घेऊन आलेल्या कुटुंबाला तोच रस्सा जाळ वाटेल. संकष्टीला राजूरच्या गणपतीला निघालेल्याचा उपवास असेल, तर त्याला रस्साच नको. म्हणून रस्सा बेताचा तिखट करा आणि तर्री वेगळी वाढा. सोबत ताक ठेवा. मिरचीचा जाळ पाण्याने विझत नाही, दूध-दही-ताकाने शमतो.

कधी कधी दोन मतं उलटी येतात आणि दोन्ही खरी असतात. आपल्या येसर आमटीचंच घ्या. येसरात भाजलेलं धान्य आणि डाळ दळलेली असते. आमटी चुलीवर राहिली की ते पीठ फुगत जातं आणि पाणीही आटतं. बारा वाजता जेवलेला "आमटी पातळ" म्हणेल आणि तीन वाजता जेवलेला "घट्ट, खारट" म्हणेल. अशा वेळी वरून गार पाणी ओतू नका. कढत पाणी घालून उकळी आणा आणि चव बघूनच मीठ घाला.

आळीपाळीने स्वयंपाक असेल तर रोज चव बदलते, कारण प्रत्येकीची मूठ वेगळी. मसाला आणि मीठ वाटी-चमच्याने मोजा. वहीत "रस्सा खारट झाला" एवढंच लिहा, कुणाचा ते लिहू नका. नाव आलं की बैठकीत भांडण होतं आणि रस्सा बाजूला राहतो. खानावळ बंद पडायला तेवढं पुरे होतं.

चवीची तक्रार वहीत जाईल. पण ताटात केस निघाला, वास आला, जेवून पोट बिघडलं, तर तिथे वाद घालू नका. ताट बदला, पैसे घेऊ नका, ते पातेलं वाढणं थांबवा. अशी तक्रार गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही करू शकतं. तो त्याचा हक्क आहे.

हल्ली लोक मोबाईलवरही तारे देतात. घरच्यांकडून खोटे पाच तारे देववू नका. अशा अभिप्रायांसाठी २०२२ साली भारतीय मानक ब्युरोने आयएस १९००० हे मानकच काढलं आहे. अभिप्राय खऱ्या गिऱ्हाइकाचा हवा, विकत घेतलेला नको, हे त्याचं सार. कुणी कमी तारे दिले तर दोन ओळींत नम्र उत्तर द्या आणि काय सुधारलं ते सांगा.

मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना घेऊन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायकांकडे जाहिरातीला पैसा नव्हता. तोच कामगार रोज जेवायला येई, हीच त्यांची पावती होती.

तर मैत्रिणींनो, आठवडाभर वही ठेवा. जी तक्रार सगळ्यात जास्त वेळा आली, तेवढी एकच गोष्ट बदला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ताटं बघा. गटाची खानावळ नसेल तर घरच्या ताटांपासून सुरुवात करा.