दवंडी दिव्यांची: रंगमंच उजळवणाऱ्या दोन तारा

राजमाता जिजाऊंचा जन्म १५९८ साली बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजा इथे झाला. दर १२ जानेवारीला त्यांच्या जन्मोत्सवासाठी राज्यभरातून माणसं तिथे लोटतात. अशा उत्सवाचा मंच असो, शेगाव-खामगावकडचा ऑर्केस्ट्रा असो की शाळेचं स्नेहसंमेलन, आता मंचावरचे डझनावारी दिवे एकच माणूस कंट्रोल बोर्डापाशी बसून चालवतो. त्याच्या टेबलापासून दिव्यांपर्यंत जाणारी हुकमाची केबल करंगळीपेक्षा बारीक असते आणि तिच्यात संदेश वाहणाऱ्या तारा असतात अवघ्या दोन.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, तेव्हा प्रकाश होता तेलाचा. पुढे तमाशाच्या फडावर गॅसबत्त्या आल्या. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरने १८८१ मध्ये सुमारे १,२०० विजेचे दिवे लावून इतिहास घडवला. विजेचा दिवा डिमरने मंद-प्रखर करता येऊ लागला, पण प्रत्येक डिमरला नियंत्रणाची तार वेगळी लागायची आणि एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या डिमरशी जुळेलच असं नसे. हा गुंता अमेरिकेतल्या रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ मध्ये सोडवला. त्या सामाईक पद्धतीचं नाव डीएमएक्स-५१२.

तिची रीत गावच्या दवंडीसारखी आहे. बोर्ड एकापाठोपाठ ५१२ चॅनलचे आकडे पुकारतो, प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकी एक. ० म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण. सगळे दिवे सगळी दवंडी ऐकतात, पण प्रत्येक जण आपल्यापुरतंच उचलतो. एक फेरी संपली की लगेच दुसरी, सेकंदाला साधारण ४४ वेळा. म्हणजे त्या दोन तारांतून सेकंदाला साडेबावीस हजार हुकूम धावतात.

आपल्यापुरतं कोणतं, हे दिव्याला पत्त्यावरून कळतं. जुन्या पद्धतीच्या ‘एलईडी पार’ या दिव्याच्या पाठीमागे बारीक खटक्यांची पट्टी असते. पहिल्या खटक्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, अशी दुप्पट होत नवव्याची २५६. पहिला, चौथा आणि सातवा खटका वर केला की १ + ८ + ६४, म्हणजे पत्ता ७३. हा पार सात चॅनलचा असेल तर ७३ ते ७९ त्याचे, पुढच्या दिव्याचा पत्ता ८०. दोन दिव्यांना एकच पत्ता दिला तर दोघे जुळ्यांसारखे वागतात. मान फिरवणाऱ्या ‘शार्पी’ला मान, रंग, नक्षी, झडप मिळून १६ चॅनल लागले, तर ३२ शार्पीत सगळे ५१२ संपतात.

जोडणी साखळीने होते: बोर्डातून पहिल्या दिव्यात, पहिल्यातून दुसऱ्यात. एका साखळीत ३२ पेक्षा जास्त उपकरणं नकोत, त्यापुढे संदेश वाटून देणारा स्प्लिटर लावायचा. दोन्ही तारांवर एकच संदेश उलट-सुलट जातो आणि दिवा त्यांतला फरक मोजतो. जनरेटरचा किंवा डिमरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. साखळीचं शेवटचं टोक मोकळं राहिलं तर संदेश आपटून परत फिरतो आणि दिवे उगाच फडफडतात. म्हणून तिथे १२० ओहमचा रेझिस्टर बसवलेली पिन खोचतात. तिला टर्मिनेटर म्हणतात. माइकची केबल पिनेत बसते खरी, पण ती या वेगासाठी बनलेली नसते आणि लांब अंतरावर दगा देते.

विजेचा हिशोब वेगळा. १,००० वॉटचा जुना हॅलोजन पार २३० व्होल्टवर ४.३ अँपिअर ओढतो. असे बारा पार म्हणजे ५२ अँपिअर. हा भार तिन्ही फेजवर सारखा वाटावा लागतो, आणि अर्थिंगशिवाय लोखंडी ट्रसवर, म्हणजे दिवे टांगायच्या सांगाड्यावर, वीज चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. टांगलेल्या प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी सेफ्टी केबल हवीच.

उघड्यावरच्या कार्यक्रमात हवामानही बघावं लागतं. जानेवारीच्या रात्री दव पडतं. भिंगावर आणि पिनांत ओल धरते. उन्हाळ्यात धूळ पंख्यांत बसते, दिवा तापतो आणि आपोआप बंद पडतो. म्हणून पंखे ब्रशने साफ करायचे. हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही, कारण बोटाचा तेलकट डाग तापून काच तिथेच फुटू शकते. शार्पीचा दिवा विझवल्यावर पंखा काही मिनिटं चालू ठेवायचा.

या सगळ्या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे: दवंडीला उत्तर येत नाही. दिव्याने हुकूम ऐकला की नाही, बोर्डाला कळत नाही. चुकलेला आकडा ओळखायची सोयही त्यात नाही. म्हणूनच आतषबाजी किंवा माणसाच्या डोक्यावर हलणारी यंत्रं डीएमएक्सवर चालवू नयेत, असा दंडक आहे. २००६ मध्ये आरडीएम ही जोडपद्धत आली आणि त्याच तारांवरून दिव्याला उत्तर देता येऊ लागलं, पण त्यासाठी बोर्ड, स्प्लिटर, दिवे सगळेच ती भाषा जाणणारे हवेत. साध्या एकतर्फी साखळीत मात्र पडदा उघडण्याआधी एकेक चॅनल वर करून, दिवा पेटला की नाही हे डोळ्यांनी बघणं, यावाचून दुसरी खात्री नाही.