माळावरचे अंतर आणि खोक्यावरचा आकडा

सोलापुराहून बार्शीच्या रस्त्याने २० किलोमीटरच्या आसपास गेले की नान्नजचा माळ लागतो. आणि त्या माळावर, जेथे नजर अडवावयास टेकडी नाही व अंदाज बांधावयास झाडेही विरळ, तेथे दोनशे मीटरवरचे काळवीट आणि तीनशे मीटरवरचे काळवीट यांतील भेद ओळखणे सरावलेल्या डोळ्यासही जड जाते. अशा ठिकाणी मुठीत मावणाऱ्या लेसर रेंजफाइंडरचे मोल कळते. तथापि या यंत्राविषयी आपल्याकडे रूढ असलेले बहुतेक समज विलायती जाहिरातींतून उसने आलेले असून, ते यंत्र शिकाऱ्याच्याच कामाचे, हा त्यांतील पहिला होय.

वस्तुस्थिती अशी की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमान्वये शिकारीस मनाई आहे. काळवीट, लांडगा व माळढोक हे तिघेही पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे त्यांच्या शिकारीस तीन ते सात वर्षांची कैद आहे, आणि उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरावरदेखील वन खात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम असल्याखेरीज हत्यार उचलता येत नाही. नान्नजचा मुलूख तर १९७९ पासून माळढोकाचे अभयारण्य आहे. माळढोक आता तेथे क्वचितच दिसतो, ही गोष्ट निराळी. मग हे यंत्र हवे कोणाला? मोजणाऱ्याला. प्राणिगणनेत ठरल्या सरळ रेषेने चालत जाऊन, दिसलेल्या प्राण्यापर्यंतचे अंतर रेंजफाइंडरने आणि रेषेशी होणारा कोन होकायंत्राने टिपतात. काळवीट दोनशे मीटरवर आणि कोन तीस अंशांचा असेल तर ते रेषेपासून शंभर मीटर बाजूला ठरते. नुसत्या नजरेने दोनशेचे तीनशे लिहिले, तर तेच काळवीट दीडशे मीटर बाजूला जाते, पाहिलेला पट्टा कागदावर फुगतो, आणि माळावर आहेत त्याहून कमी काळविटे दप्तरी नोंदली जातात.

दुसरा समज खोक्यावरील आकड्याचा, आणि खिशाला सर्वांत महाग पडणारा तोच. यंत्र अदृश्य प्रकाशाचा ठोका सोडते आणि तो परतावयास लागलेल्या वेळावरून अंतर काढते. प्रकाश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन दीडशे मीटरचा हिशेब तेवढ्या अवधीत पुरा होतो. परंतु परतणारा प्रकाश किती, हे समोरच्या वस्तूवर अवलंबून. खोक्यावरील हजाराचा आकडा बहुधा रस्त्याकडेच्या चकाकणाऱ्या फलकासारख्या पृष्ठभागाचा असतो. प्राण्याची केसाळ कातडी बराचसा प्रकाश शोषून टाकते, सबब तेच यंत्र जनावरावर अनेकदा निम्म्या अंतरापर्यंतही पोहोचत नाही. शिवाय तो हजार वारांचा असेल तर मीटर ९१४ च भरतात. उजेड जितका लख्ख तितके मोजमाप चांगले, असेही पुष्कळांना वाटते. वस्तुतः वैशाखातल्या भर दुपारी सूर्यप्रकाशातच तो दुबळा परतीचा ठोका हरवतो, आणि पहाटेच्या मंद उजेडात यंत्र अधिक दूरचे सांगते.

तिसरा घोटाळा गवताचा. लेसरचा झोत सुईसारखा बारीक असतो हे खरे नव्हे. हजार मीटरवर दीड मीटर पसरणारा झोत तीनशे मीटरवर सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर असतो. पावसाळ्यानंतर कुसळी गवत वाढलेले असता तुम्ही तीनशे मीटरवरील नरावर नेम धरावा आणि यंत्राने निर्विकारपणे ३७ असा आकडा दाखवावा, हा प्रकार नेहमीचा. यंत्र खोटे बोलत नाही, त्याने मधल्या गवताच्या तुऱ्याचे अंतर सांगितलेले असते. येथेच गोल्फचे आणि रानातले यंत्र यांतील फरक कळतो: गोल्फच्या यंत्राची तजवीज अशी की मागच्या झाडांऐवजी जवळचा झेंडा पकडावा, रानातल्या यंत्रात मधले गवत वगळून मागची वस्तू पकडण्याची सोय असते. माळासाठी दुसरेच घ्यावे, मग पहिले कितीही स्वस्त मिळो.

बाकीच्या समजांना फार वेळ देण्याचे कारण नाही. भिंग सहापट मोठे दाखवते म्हणून यंत्र सहापट दूरचे मोजत नाही. दशांश चिन्हापुढचा आकडा दिसतो म्हणजे तेवढी अचूकता असते असे नव्हे. चूक मीटरभराची असूनही पडद्यावर दशांश झळकू शकतो. मोटारीची काच खाली न करता मोजलेल्या अंतरावर विसंबू नये. चढ-उताराचा हिशेब करणारी सोय सह्याद्रीत उपयोगी, कारण तीस अंशांच्या उतारावर तिरके शंभर मीटर सपाटीवर सत्त्याऐंशीच भरतात. नान्नजच्या सपाट माळावर तिच्यासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे दुष्काळी गावात होडी बाळगणे होय.

तेव्हा घेणाऱ्याने खोके बाजूस ठेवून यंत्र दुकानाबाहेर न्यावे, टेपने आधी मोजलेल्या अंतरावर ते ताडून पाहावे, आणि एखाद्या काळ्या, न चकाकणाऱ्या वस्तूवर, शक्य तर दुपारच्या उन्हात, ते कोठवर साथ देते हे पाहावे. तशा वस्तूवर चारशे मीटर खात्रीने सांगणारे, मीटरमध्ये मोजणारे आणि मधले गवत ओलांडणारे यंत्र नान्नजला पुरते. मात्र ते गळ्यात अडकवून माळावर पाय ठेवण्यापूर्वी वन खात्याची प्रवेशाची परवानगी घ्यावी.